कडेपर्यंत न जाणारे रस्ते

रविवार, ५ जानेवारी २०२५
अल कुसैस, दुबई

आलो एकदाचे! वर्षभर रुपेश इथे आणि आम्ही मायलेकी साताऱ्यात. विमानतळावर तो दिसला तेव्हा ओवी आधी लाजली आणि मग अशी सुसाट धावली, की तिची छोटी बॅग एका पांढऱ्या झग्यातल्या आजोबांच्या पायात गेली. ते रागावले नाहीत, हसून ‘यल्ला, यल्ला’ म्हणाले, म्हणजे चला, चला. झालं, बाईसाहेबांना पहिला अरबी शब्द मिळाला. घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला यल्ला चालू होतं.

घर एवढंसं आहे. स्वयंपाकघरात दोघं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास घ्यायला हॉलमध्ये जावं. पण खालच्या दुकानात कांदालसूण मसाला मिळतो आणि खिडकीतून ऊन येतं, मला आणखी काय हवं? रुपेशने ओवीच्या पलंगावर छताला चांदण्या चिकटवून ठेवल्या आहेत. तो रास अल खोरच्या भाजीबाजारात हिशेब बघतो, पहाटे जातो आणि दुपारी चारला घरी येतो. ही वहीसुद्धा त्यानेच आणली. म्हणाला, तुझ्या बडबडीला मी एकटा पुरणार नाही, उरलेलं हिच्यात लिही.

बुधवार, ८ जानेवारी

ओवीची इथली शाळा सुरू झाली आणि मलाही काम मिळालं! रुपेशच्या ओळखीचे चंद्रहास नाबर, मूळ मालवणचे, रास अल खोरमध्ये इमारतींची मॉडेलं बनवायचं वर्कशॉप चालवतात. साताऱ्यात मी बिल्डरांसाठी हेच करायची, फक्त तिथे चार मजल्यांवर हौस संपायची. इथे खरा टॉवर उभा राहायच्या आधी माझ्या कमरेएवढा टॉवर उभा राहतो.

माझ्या शेजारी हैदराबादची जुलेखा बसते, मला बाजी म्हणते, म्हणजे ताई. झाडं आणि गवत तिच्याकडे, माणसं माझ्याकडे. माणसं म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. चिमट्याने धरायची, पायाला गोंदाचा एक ठिपका लावायचा आणि बसवायची. पहिल्याच दिवशी तीन माणसं माझ्या बोटालाच चिकटली. जुलेखा म्हणाली, अरे वा, इनको तो तुम पसंद आ गईं.

मंगळवार, १४ जानेवारी

सध्याचं काम एका देशाचं आहे. त्याचं नाव घ्यायचं नाही असं करारातच आहे, म्हणून चंद्रहास सर नुसतं ‘कंट्री’ म्हणतात. तिथे बाहेरच्यांना जाता येत नाही आणि आतल्यांना निघता येत नाही. आता कुठल्याशा प्रदर्शनात त्यांना आपली चार मोठी शहरं जगाला दाखवायची आहेत. खरी नव्हे, आम्ही केलेली. राजधानी, बंदर, पोलादाचं शहर आणि खाणीचं शहर, चार टेबलांवर चारही शहरांचे मधले भाग.

सुंदर आहेत हो, खोटं का बोलू! राजधानीचा चौक एवढा मोठा, की सातारा शहराचा बाजार त्यात मावेल. पण काही गोष्टी खटकतात. बंदराच्या शहरात समुद्राकडे एकही खिडकी नाही. आणि आमच्या धंद्यात रस्ता नेहमी टेबलाच्या कडेपर्यंत नेतात, म्हणजे बघणाऱ्याला तो पुढे कुठेतरी जातोय असं वाटतं. या चारही टेबलांवर एकही रस्ता कडेपर्यंत जात नाही. मी चूक समजून एक वाढवला, तर तो कापून टाकायला लावला.

त्यांचा प्रतिनिधी रोज येतो. कडक इस्त्रीचा सूट, मऊ इंग्रजी. मी त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलंय. सगळ्या माणसांची तोंडं चौकाकडे हवीत असा त्याचा नियम आहे. आज संक्रांत म्हणून मी त्याला तिळगूळ दिला. त्याने आभार मानले, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला.

शुक्रवार, १७ जानेवारी

जुलेखाने आज या धंद्यातली एक गंमत सांगितली. प्रत्येक कारागीर मॉडेलमध्ये गुपचूप आपलं एक माणूस ठेवतो. तिची अम्मी दुबईतल्या सात-आठ टॉवरांखाली बाकावर बसलेली आहे म्हणे. या कामात मात्र तिने ठेवली नाही. का, तर म्हणाली, दिल नहीं किया.

मला मात्र राहवलं नाही. राजधानीत एक शाळा आहे, तिच्या अंगणात फुलांचे वाफे आहेत, अख्ख्या देशात तेवढीच एक रंगीत जागा. तिथे मी माझी ओवी उभी केली. नारिंगी फ्रॉक, दोन वेण्या. केसांसाठी माझ्या ब्रशचा एकच तंतू वापरला. आणि तोंड चौकाकडे नाही, माझ्याकडे! घरी सांगितलं तर ओवी म्हणाली, ‘कूल, आई! कॅन आय सी मी?’ फोटो काढायला बंदी आहे, म्हणून तिला नुसतं वर्णन ऐकवलं. रात्री ती खूश होऊन झोपली.

मंगळवार, २१ जानेवारी

कुणीतरी ओवीला वळवलंय. माझ्याकडे पाठ, चौकाकडे तोंड. फ्रॉक करडा झालाय. मी जुलेखाला विचारलं, तिने हात लावलेला नाही.

घरी आले तर ओवी हॉलच्या मध्यभागी ताठ उभी, हात बाजूला. काय खेळतेस विचारलं, तर म्हणाली, ‘वेटिंग फॉर द बेल.’ शाळेत नवीन काहीतरी शिकवत असतील. रुपेशला नक्कल करून दाखवली, तो खूप हसला.

गुरुवार, २३ जानेवारी

इस्त्रीसाहेबाला एक माणूस जास्त असल्याचं कळलंय. आता नोकरी गेली असं समजून मी खरं काय ते सांगून माफी मागितली आणि लगेच काढते म्हणाले. तो रागावला नाही. काढायची गरज नाही, म्हणाला, मुलीची नोंद झाली आहे, तिला शाळेतही घेतलंय. मला वाटलं विनोद करतोय. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. चंद्रहास सरांनी मान खाली घातली होती.

मंगळवार, २८ जानेवारी

आज शाळेची बस आमच्या इमारतीपाशी थांबलीच नाही. टॅक्सीने घेऊन गेले, तर ऑफिसमधली बाई म्हणाली, या नावाची मुलगी आमच्याकडे नाही. मी ओवीचं ओळखपत्र पुढे केलं. तिने दोनदा तपासून परत दिलं, सिस्टीममध्ये काही येत नाही म्हणाली. ओवी माझ्या बाजूला उभी होती. ती बाई एकदाही ओवीकडे बघून बोलली नाही.

परत येताना ओवीने टॅक्सीत एक गाणं म्हटलं. त्यातला एकही शब्द मला कळला नाही. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, ‘एव्हरीबडी नोज इट, आई.’

रविवार, २ फेब्रुवारी

चंद्रहास सरांच्या घरी हळदीकुंकू. सरांच्या पत्नी सुलभावहिनी स्वभावाने मोकळ्या, फार आग्रहाने बोलावलं होतं, गेल्या आठवड्यात फोनवर ओवीच्या बांगड्यांचं मापही विचारलं होतं. मी ओवीला परकर-पोलका घालून नेलं. सगळ्या मुलींना बांगड्या वाटल्या. ओवीने दोन्ही हात पुढे केले आणि वहिनी पुढच्या मुलीकडे गेल्या.

मी म्हटलं, वहिनी, ओवी राहिली. त्या गोंधळल्या. मग मला बाजूला घेऊन अगदी मायेने म्हणाल्या, ‘शर्वाणी, मनाला लावून घेऊ नकोस गं. अजून वय आहे तुझं. माझ्या जावेला आठ वर्षांनी झालं.’ ओवी माझा पदर धरून हे सगळं ऐकत होती. आयुष्यात मला इतकं मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शाळा नाही, म्हणून ओवीला घरीच ठेवून आले होते. सगळे जेवायला गेल्यावर मी चिमटा घेतला. आधी गोंद विरघळवायचं औषध लावलं, मग तिला हळूच पायापाशी धरलं आणि ओढलं. निघेना. थोडं जोराने ओढलं. तेवढ्यात रुपेशचा फोन, तो लवकर घरी आला होता. घरातून कुणीतरी लहान मूल किंचाळल्यासारखा आवाज येतोय, पण दिसत कोणी नाही, म्हणाला.

धावत घरी आले. ओवी पलंगाखाली. डावा घोटा काळानिळा. मला बघून म्हणाली, ‘आई, डोन्ट पुल.’

मी तिला मांडीवर घेऊन बसले. रुपेश दारात उभा राहून माझ्या रिकाम्या मांडीकडे बघत होता आणि रडत होता. माझ्यासाठी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रुपेशला सगळं सांगितलं. साताऱ्याचा दवाखाना, तिचा पहिला दात, सगळं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग माझे हात हातात घेऊन म्हणाला, आपण डॉक्टरकडे जाऊ, मी रजा घेतो. छताला चांदण्या कुणासाठी लावल्यास, विचारलं. तो वर बघत राहिला. कधी लावल्या आठवत नाही, म्हणाला.

चांगला आहेस रे तू. तुझ्यावर रागावता येत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इस्त्रीसाहेबाच्या पायावर डोकं ठेवलं. खरोखर ठेवलं, सगळ्यांसमोर. मुलगी परत द्या. त्याने मला धरून उठवलं, खुर्ची दिली. बाहेर जायची परवानगी आमच्याकडे कुणालाच नाही, म्हणाला. मग अगदी सहज म्हणाला, पण कुटुंबाला आत येऊन भेटायचं असेल, तर आम्ही कधीच नाही म्हणत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ओवी जेवत नाही. तिथे जेवण झालं म्हणते. मराठी समजत नाही आता. इंग्रजीही कमी. तिच्या हाताला हात लावला की गार लागतो आणि थोडा गुळगुळीत.

माझ्या कुशीत झोपायला मात्र आली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी कूस रिकामी.

घरभर शोधलं. रुपेशही शोधत होता, काय शोधायचं ते माहीत नसताना. कपाटात तिचे कपडे नाहीत. पलंगाच्या जागी इस्त्रीचं टेबल. तो म्हणतो ते पहिल्यापासून तिथेच —

सोमवार, १० फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये पहिलं तिच्याकडे गेले. अंगणातच आहे. बाकीची मुलं रांगेत, ही रांगेच्या शेवटी, एका पायावर भार देऊन उभी. डावा घोटा दुखत असणार. कुणी तेल लावलं नसेल.

सहा वर्षांची आहे ती. सहा.

मी मला बनवलं. हिरवी साडी नेसवली, रंगवतील नंतर करडी. रुपेशलाही बनवायला घेतलं आणि थांबले. त्याला ओवी आठवत नाही, मी कशासाठी नेऊ? त्याची आई आहे साताऱ्यात, तिला कोण बघेल? तो मला विसरेल. त्याला दुःख होणार नाही. आणि मला याचंच सगळ्यात जास्त —

जुलेखाने चिमटा बघितला. मना केलं. मत करो बाजी, हाथ जोड़ती हूँ. का, विचारलं. तिलाच माहीत नव्हतं.

ओवीच्या पाठीमागे. गोंदाचा एक ठिपका.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जुलेखाने आज सलाम केला नाही. माझ्या खुर्चीवर तिचे रंगाचे डबे. चंद्रहास सर माझ्या बाजूने गेले —

पाय जड. डावीकडे मान वळत नाही नीट.

बुधवार, १२ फेब्रुवारी

किल्लीने दार उघडून आत गेले. रुपेश जेवत होता. एकच ताट. मला बघून उठला. ओरडला नाही, तो कुणावरच ओरडत नाही. म्हणाला, मॅडम, शायद आप ग़लत फ़्लैट में आ गई हैं.

हिंदीत. माझ्याशी. इथे परक्याशी बोलतात तसं.

पाणी हवं का विचारलं. प्यायले. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय. सांगायचं राहिलं —

जिन्यात बसलेय. ऊन आहे बाहेर पण दिसत नाही नीट. भोंगा वाजतोय. पायाखाली अंगण. मुलं रांगेत.

ती दिसली. पाठमोरी. दोन वेण्या, मी घातलेल्या नाहीत, घट्ट, फार घट्ट घातल्यात कुणीतरी. ओवी. ओवी, आई आलीय. इथे मान वळवायची नसते माहीत आहे मला, नको वळवूस बाळा, नुसतं ऐक, मी मागेच —

तिने ऐकलं. ती मान वळव —