ह्यांच्या डोक्याची तपासणी

३ नोव्हेंबर, सोमवार
गावातली आरोग्याची आशाताई वंदना घरी येऊन सांगून गेली. दोन आठवडे झोप न्हाई, जेवण न्हाई, कशात मन न्हाई, तर जालन्याला मनाच्या डॉक्टरला दाखवावं. वेड लागायची वाट बघू नये. बोलताना माझ्याच तोंडाकडं बघत होती. म्हणजे मालकाला घेऊन जा, असंच. आजपासून ह्यांच्यावर नजर.

५ नोव्हेंबर
हे रातभर जागेच. मला बराबर माहिती, मी बघतच होते. हे घोरायचं सोंग करून पडल्ते.

८ नोव्हेंबर
जेवताना ह्यांचं मचमच मचमच. शिसारी आली. माझं ताट सारून दिलं. चार भाकरी खाल्ल्या ह्यांनी. हे काही धड लक्षण न्हाई.

११ नोव्हेंबर
आजबी कापूस वेचायला गेले न्हाई. वीस दिवस झाले. ह्यांना घरी एकटं सोडावं कसं? हे शेतात गेल्ते.
शेजारची चांगुणाबाई दारात आली, म्हणे नंदे, डोक्याला तेल तरी लाव. तोंडाला मिश्रीचा घाण वास. दार लावून घेतलं.

१४ नोव्हेंबर
ह्यांनी विचारलं, काय होऊन राह्यलं तुला. आता संशयबी घ्यायला लागले. चांगलं सुनावलं. मंग रडू आलं. ह्यांच्यामुळंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
जाफराबादहून सकाळच्या एसटीनं जालना. हे एका शब्दानं नडले न्हाईत. डोक्यात बिघाडच, दुसरं काय.
डॉक्टरीण पोरसवदा. ह्यांना विचारायची, मी सांगायची. बँकेत, रेशनवर, सोयऱ्यांत, तीस वर्षं ह्यांच्या वाटचं मीच बोलते. झोप? न्हाई. भूक? अन्नाची किळस. मंग विचारलं, मरून जावं असं वाटतं का?
मी म्हणले, "विहिरीवर गेलं की वाटतं. म्हणून पाण्याला जात न्हाई मी."
डॉक्टरणीनं पेन खाली ठेवला. हे म्हणाले, "हिला वाटतं मीच आजारी. तसं वाटू दिलं म्हणूनच आली, मॅडम."
डॉक्टरीण म्हणाली, हा आजार आहे, गोळ्यांनी, बोलण्यानं बरा होतो. आधी रक्त तपासू, थायरॉइड असू शकतो.
रक्ताच्या खोलीत मी ह्यांची बाही वर केली. नर्स म्हणाली, "मावशी, तुमची."
तिच्या हातातला केसपेपर घेऊन वाचला. नंदाबाई बद्रीनाथ, वय ४९. सकाळी मला बाकड्यावर बसवून हेच केसपेपरच्या रांगेत उभे राह्यल्ते.