सरांची दुधाळ नळी

३ मार्च
प्रबंधासाठी रक्त देणारा निरोगी माणूस मिळेना! रुग्ण भरपूर — वॉर्डात स्वादुपिंडाला सूज आलेले रांगेने पडलेत. तुलनेला निरोगी एकच कमी. शेवटी माझे मार्गदर्शक सरच उपाशीपोटी येऊन बाही वर करून बसले. "घोड्यासारखी तब्येत आहे माझी." सुई दिसताच घोड्याने डोळे मिटले.

४ मार्च
रक्त मशीनमध्ये फिरवून वरचा द्रव काढला. पिवळसर, नितळ हवा. सरांचं निघालं दूध! साय धरेल असं. रक्तात एवढी चरबी असली की स्वादुपिंड कधी भडकेल आणि स्वतःलाच पचवायला लागेल, नेम नाही. हे वाक्य माझ्याच प्रबंधातलं.

ऑक्सिडेटिव्ह ताणही मोजला — म्हणजे पेशींना आतून चढणारा गंज. थेट रुग्णांच्या पंगतीत!

५ मार्च
सरांना आलेख दाखवला. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा. कुणाचा कोणता, हे तोंडातून काढायचं नाही. काढलं तर नमुना बाद. नियम सरांचाच. नळी उजेडात धरून म्हणाले, "याला निरोगी कोणी म्हटलं? आधी वॉर्डात नेऊन झोपवा." मी मान डोलावली. दुसरं काय करणार!

जाताना म्हणाले, "पुन्हा चालव. मशीन बिघडलं असेल."

६ मार्च
मशीन ठणठणीत आहे.

७ मार्च
आईचा फोनवर सल्ला — "अगं, तोंड उघड ना." उघडलं तर नमुना बाद, प्रबंध लांबला, शिष्यवृत्ती बंद. नाही उघडलं तर सर आडवे. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी सर काहीतरी तळलेलं खात होते. मी डबाच उचलला, म्हटलं मुंग्या लागल्यात. एकही मुंगी नव्हती. मला भीती वाटते. माणूस खडूस आहे, पण आपला आहे.

८ मार्च
सांगून टाकलं. दार लावून, एका दमात. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. सर खाली बसले. "जेवलं की कळ येते, पाठीपर्यंत जाते. घरी बोललो नाही. डॉक्टरकडे जायची छाती होईना, म्हणून तुला रक्त दिलं."

वॉर्डापर्यंत मी त्यांच्यासोबत गेले. लिफ्टमध्ये सर म्हणाले, "ती नळी बघितली तेव्हापासून वाट बघतोय, तू नियम कधी मोडतेस."