दंतवैद्यावरून खाली

२ एप्रिल, रविवार

आज जेवताना मार्नीने जाहीर केलं, की जूनमधल्या जोडीच्या सायकल शर्यतीत 'बाप-लेक' गटात तिने 'वॉल्ट आणि मार्नी टिबेट्स' असं आमचं नाव घातलंय. ऑगस्टमध्ये ती नोकरीसाठी ऑरेगॉनला जाणार. म्हणाली, डॅड, जायच्या आधी एकदा आपण दोघं. माझ्या घशात बटाटा अडकला. लोर्नाने पाठीत गुद्दा घातला. बायको म्हणून तिला तो हक्क आहे, पण गुद्दा गरजेपेक्षा मोठा होता.

बटाटा आनंदाने अडकला. हे लिहून ठेवतो.

शर्यत दंतवैद्यावरून जाते. दंतवैद्य म्हणजे आमच्या एल्क फोर्क गावाच्या वरच्या रानातली शिळा. छपरासारखी उतरती, आणि छपरं घालण्यात माझा जन्म गेलाय, तेव्हा सांगतो, असलं छप्पर मी कुणाच्याही घरावर घालणार नाही. वाट शिळेच्या डोक्यावर चढते आणि पायथ्याशी निघते. गावच्या दंतवैद्याने तिथे स्वतःचेच दोन दात ठेवले, तेव्हापासून हे नाव. आमच्याकडे रीतच आहे: ज्याने जिथे कातडं सोललं, त्याचं नाव त्या जागेला. रानातल्या वाटांची निगा राखणारी जोलीन यात फार कडक आहे. नाव फुकट मिळत नाही, म्हणते.

गेल्या सप्टेंबरात मी मंगळवारच्या सायकलवाल्यांना सांगितलं होतं, की मी दंतवैद्य उतरलो. ते खरंच आहे. आधी मी वर होतो, नंतर खाली होतो. मधल्या वेळात सायकल माझ्या खाली होती की खांद्यावर, हे कुणी विचारलं नाही. मार्नी तिथेच होती. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमान वाटला असणार.

संकल्प: जूनपर्यंत दंतवैद्य सायकलवर बसून उतरणे. एका शिडीवर धंदा उभा केलेला माणूस आहे मी. उंचीची भीती मला ठाऊक नाही. शिडी फक्त आपणहून खाली पळत नाही, एवढाच फरक.

११ एप्रिल, मंगळवार

रानातल्या सगळ्या वाटा बंद. बर्फ वितळून चिखल झालाय, आणि चिखलात सायकल घातली की वाटेला चर पडतात. वाटेवर प्रेम करणारा माणूस अशा वेळी घरी बसतो. मी घरी बसलो. फार वाईट वाटलं. लोर्ना म्हणते, दिवसभर शीळ वाजवत होतास.

गॅरेजमध्ये सायकल यंत्रावर चढवून जागच्या जागी पायडल मारले. हे यंत्र उत्तम आहे. त्याला उतार नाही.

२३ एप्रिल, रविवार

डांबरी रस्त्याने खिंडीपर्यंत, डेल ऑस्ट्रँडरबरोबर. डेल शेजारी राहतो, जन्मभर पोस्टात होता, आणि तो व त्याची मुलगी ब्रिन आमच्याच गटात उतरलेत. चढावर मी त्याला मागे टाकलं. त्याचा श्वास जुन्या बंबासारखा वाजत होता. चढावर मी कुणालाही ऐकत नाही. देवाने मला वर जाण्यासाठीच घडवलंय.

उतारावर वेगमर्यादा पाळली. बोटं ब्रेकवर इतकी आवळली गेली, की खाली आल्यावर डेलने एकेक सोडवून दिलं. म्हणाला, वॉल्ट, वर टायर जळल्याचा वास येत होता, मला वाटलं वणवा पेटला. एका मोटारघराने मला मागे टाकलं. चालवणाऱ्या आजीबाईंनी हात केला. मला उलट हात करता आला नाही, कारण हात मोकळा नव्हता.

७ मे, रविवार

कवच आलं. गुडघे, कोपरं, छाती, पाठ आणि पूर्ण चेहरा झाकणारं शिरस्त्राण. घालून स्वयंपाकघरात गेलो. लोर्ना म्हणाली, असा दारात जाऊ नकोस, शेजारची मुलं लहान आहेत.

मागच्या अंगणात उरलेल्या फळ्यांचा उतार बांधला. दंतवैद्याची हुबेहूब प्रतिकृती, फक्त थोडी बुटकी. वर जाऊन सायकलवर बसलो. बसल्यावर पोटात जो गोळा आला तो भुकेचा असावा, म्हणून उतरून सँडविच खाल्लं. पुन्हा बसलो. गोळा तिथेच. वास्तविक खाली हिरवळ आणि लोर्नाचा रुबार्बच्या भाजीचा वाफा, दुसरं काही नाही. डोळे मिटून ब्रेक सोडला.

रुबार्ब पुन्हा उगवतो, असं मी लोर्नाला सांगितलं. ती म्हणाली, नवराही दुसरा मिळतो.

१३ मे, शनिवार

वाटा दुरुस्त करायचा दिवस. सगळा गाव फावडी घेऊन रानात. मी मुद्दाम दंतवैद्यापाशी काम मागून घेतलं. जोलीन करवतीला धार लावत होती. मी तिला शास्त्रशुद्ध समजावलं, की या शिळेमुळे पाणी तुंबतं, चार पहारी लावून ती बाजूला सरकवली तर वाटेचंच भलं होईल. ती म्हणाली, ही शिळा बर्फाच्या नदीने इथे आणून ठेवलीय, अर्ज तिच्याकडे कर.

मग तिचं लक्ष शिळेच्या डाव्या अंगाला गेलं. झुडपांतून एक पायवाट खाली उतरत होती, चांगली तुडवलेली. अरेच्चा, म्हणाली, हे कुणी केलं? मी म्हणालो, मूस असेल. (घोड्याएवढं हरीण ते, वाट सहज पाडतं.) ती वाकली, माती बघितली आणि म्हणाली, मूसने बूट कधीपासून घालायला सुरुवात केली?

मी पाणी प्यायला गेलो. पाणी बरंच लांब होतं.

२१ मे, रविवार

एकटाच वर गेलो. पूर्ण कवच घालून. आज नक्की.

शिळेच्या डोक्यावर एक जागा आहे. तिथे पुढचं चाक नेलं, की चाकापुढे जमीनच दिसत नाही. फक्त हवा, आणि हवेच्या पलीकडे खाली पाइन झाडांचे शेंडे. शेंडे! झाडाच्या बुंध्याशी असावं माणसाने. कानांत कुणीतरी ढोल बडवत होतं, तो मीच. हँडल थरथरायला लागलं. मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस.

तेवढ्यात पश्चिमेला ढग दिसला. लहान होता, पण विजेचा भरवसा नसतो. सायकल खांद्यावर घेतली आणि डाव्या अंगाने खाली आलो. आजच्यापुरतंच.

(गेल्या आठवड्यातही आलो होतो. तेव्हा मूस दिसला होता. निदान ऐकू आला होता.)

४ जून, रविवार

मार्नीबरोबर सराव. चढावर मी बोलत होतो, ती ऐकत होती. तिला मी पहिल्या छपराची गोष्ट सांगितली, ज्यात मी चुकीच्या घरावर पत्रे ठोकले होते. ती इतकी हसली की सायकल वाटेबाहेर गेली. फार छान सकाळ. शिळा दिसली आणि माझी बडबड आपोआप बंद झाली.

ती म्हणाली, डॅड, उतरूया? मी म्हणालो, ताकद शर्यतीसाठी राखून ठेवू. ती लगेच बरं म्हणाली. जरा जास्तच लगेच. मग म्हणाली, डॅड, तुला मला काही सांगायचंय का?

मी सांगितलं, की तिच्या साखळीला तेल हवंय.

१६ जून, शुक्रवार, संध्याकाळ

उद्या. शिळेवरून उतरताना वजन मागे, नजर लांब, ब्रेक हलका. मला सगळं पाठ आहे. लोर्नाला बंबाची चावी कुठे असते ते दाखवलं, गळक्या छपराचं काम आल्यास कुणाला फोन करायचा ते सांगितलं. तिने विचारलं, कुठे निघालास? मला भीती नाही. माणसाने व्यवस्थित असावं.

सगळ्यात वाईट काय होईल? दात? दात नवे मिळतात. मार्नी खालून बघत असेल, एवढंच जरा... नूडल्सचं एक भांडं संपवलं.

१७ जून, शनिवार

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करणार नाही.

चढावर आम्ही पहिले. डेल आणि ब्रिन मागे, डेलच्या बंबाचा आवाज क्षीण होत गेलेला. मार्नी म्हणाली, डॅड, बोल ना काहीतरी. मी बोललो. माझा आवाज चिमणीसारखा येत होता.

दंतवैद्यापाशी दरवर्षीसारखी जत्रा. लोकांच्या हातात गुरांच्या घंटा, तवे, कुणी बेकन तळतंय, काठीला लटकवून स्पर्धकांच्या तोंडापुढे नाचवतंय. खुद्द दंतवैद्य घडीच्या खुर्चीत बसून टूथब्रश वाटत होता. मला बघून ओरडला, वॉल्ट, सोमवारची वेळ रिकामी आहे!

मार्नी शिळेवरून गेली, छपरावरून पाणी जावं तशी. खाली थांबली, वळली, वर बघू लागली. जोडीचा नियमच आहे, एकाने पुढे पळून चालत नाही.

मी शिळेच्या डोक्यावर. पुढे हवा आणि शेंडे. ब्रेक मी दाबले नव्हते, हातांनी दाबले. घंटा थांबल्या. त्या शांततेत कटकट असा आवाज येत होता. गुडघ्याची कवचं एकमेकांवर आपटत होती. वारा नव्हता. मला उतरायचं होतं, देवाशपथ. खाली माझी मुलगी उभी होती. मी पायांना सांगितलं. पायांनी सायकल उचलली आणि डावीकडे वळले.

तिथे माझ्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना फीत बांधलेली. तोंडाशी नवी कोरी लाकडी पाटी: 'टिबेट्सची वाट. सायकल हातात धरून चालावे.'

असा हशा झाला की कावळे उडाले. मी परत वळणार होतो, पण मागे रांग लागली होती. डेन्व्हरची एक बाई, दोघे जाडजूड भाऊ, आपले चर्चचे पाद्री. सगळे सायकली धरून मुकाट माझ्या मागे. पाद्री म्हणाले, वॉल्टर, देव तुझं कल्याण करो, मी रात्रभर झोपलो नव्हतो.

खाली मार्नी हसत नव्हती. म्हणाली, डॅड, बस आणि मार पायडल, डेल वरच आहे अजून. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, पाटी कुणी केली. ती म्हणाली, मी. लाकूड जोलीनचं, अक्षरं माझी. सप्टेंबरात तू मंगळवारच्या लोकांना सांगितलंस ना, दुसऱ्या दिवशी मी वर गेले होते. शिळेवर टायरचा माग नव्हता, बाजूला तुझ्या छपरावरच्या बुटांचे ठसे होते. ते मी अंगणातल्या बर्फात लहानपणापासून बघतेय.

मग माझ्याबरोबर नाव का घातलंस, मी विचारलं. ती म्हणाली, खाली उतरायला मला कुणी लागत नाही, डॅड. वर चढताना बडबड करायला कुणीतरी लागतं.

मी पायडल मारत राहिलो. चढ होता, दम लागला. (तिथे सपाट आहे म्हणतात. मला चढ वाटला.)

शेवटच्या वळणावर डेल आणि ब्रिन पुढे गेले. डेल दंतवैद्य बसून उतरला होता, चेहरा पांढराफटक. आम्ही गटात दुसरे आलो. गटात जोड्या दोन होत्या.

जोलीन मात्र नाराज. म्हणाली, पोरीच्या हट्टापायी पाटी लावली, पण नियमात बसत नाही. या माणसाने तिथे एक ओरखडासुद्धा काढलेला नाही. एकाच खिळ्यावर टांगलीय, पुढे बघू.

२५ जून, रविवार

नीट विचार केला. गावात अंगावरचं सगळं कातडं आणि तोंडातले सगळे दात शाबूत असताना कुणाच्या नावाची वाट आहे? एकट्या माझ्या. डेल म्हणतो, काल तिथून दोन आज्या आणि एक पाळण्यातलं बाळ गेलं. जाऊ देत. माझी वाट सगळ्यांची आहे.

फक्त 'हातात धरून' खटकतं. स्वतःच्या वाटेवरून माणसाने चालत का जावं? मऊ माती, शिळा नाही, आणि प्रत्येक वळण माझ्याच पायांनी पाडलेलं.

संकल्प: टिबेट्सची वाट सायकलवर बसून उतरणे. मार्नीला दाखवायला बोलावलंय. आश्चर्य म्हणजे भीती अजिबात नाही. कवचाचीही गरज नाही.

२ जुलै, रविवार. डाव्या हाताने

उजव्या खांद्यापाशी हासळीचं हाड मोडलं. पहिल्याच वळणावर झाडाचं मूळ आहे. चालताना ते कधी दिसलं नव्हतं, पाय आपोआप त्यावरून जायचे. समोरून पाद्री रविवारच्या शाळेची मुलं घेऊन गाणं म्हणत वर येत होते. गाणं थांबलं.

जोलीनला कुणीतरी बोलावलं. तिने आधी मुळाकडे बघितलं, मग माझ्या सोललेल्या कोपराकडे, मग पुन्हा मुळाकडे. कमरेचा हातोडा काढला आणि पाटीला आणखी दोन खिळे मारले. मग मला उचललं.

मार्नीने वाकून विचारलं, डॅड, खरं सांग, सायकल तुझ्या खाली होती ना या वेळी?

होती, मी म्हणालो. मुलांनी साक्ष दिली.

निदान सुरुवातीला.