झिमारीसाठी नऊ दाबा

४ फेब्रुवारी, मंगळवार

केलं! करून बसले! कळलं तर नोकरी जाईल.

महापालिकेच्या आमच्या मदत-केंद्रात फोनची नवी व्यवस्था येतेय. पाणी, कचरा, दिवाबत्ती — तक्रार ज्याच्या त्याच्या भाषेत. कुणाला काय येतं ते लिहून द्या, म्हणाले. मी लिहिलं मराठी, गुजराती, हिंदी. आणि चौथ्या रकान्यात — झिमारी. हात लिहूनच गेला.

साहेबांनी, केयूरभाईंनी, कागद पाहिला. "डांग बाजूनी के, राजनंदिनीबेन?" डांगच्या आदिवासींची भाषा वाटली त्यांना. मी मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही. "सरस!" एक भाषा वाढली म्हणून स्वारी खूश.

डांग कुठला! झिमार देश आमच्या मांजलपूरच्या गच्चीवर होता, पाण्याच्या टाकीमागे. लोकसंख्या दोन. मी दहा वर्षांची, समर सात. भाषा आम्हीच केली, दोन उन्हाळ्यांत.

६ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग झालं. ज्याची भाषा त्यानंच आवाज द्यायचा. माइकसमोर बसले. कसंबसं म्हटलं — "ओरु? झिमारीसाठी नऊ दाबा."

ओरु म्हणजे, आहेस का? झिमारमध्ये कायदा एकच. कुणी 'ओरु' विचारलं की ऐकणाऱ्यानं 'ओरुम' म्हणायचंच. आहे. भांडण असो, कट्टी असो, तोंडात श्रीखंडाचा घास असो.

११ फेब्रुवारी

नऊवर पहिला फोन! पहिल्या घंटेलाच उचलला. "बेन, त्रण दिवसथी कचरानी गाडी नथी आवी!" आजींनी चुकून नऊ दाबलं होतं. तीन दिवस कचरागाडी नाही, अशी तक्रार लिहून घेतली. दुसरं काय करणार.

१४ फेब्रुवारी

आज आठ वर्षं झाली. कुणाला सांगायचं नाही, पण इथे लिहिते.

समरनं मितालीशी लग्न ठरवलं. जात वेगळी. बाबा म्हणजे अख्ख्या सोसायटीला दम भरणारे श्रीपतराव — ते ऐकतात होय! "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." समर बॅग घेऊन जिना उतरला. अर्ध्या जिन्यात थांबला, वर बघून म्हणाला, "ओरु?"

मी दारात उभी होते. बाबा माझ्यामागे. मी म्हटलं, "समर, बाबांचं ऐक." मराठीत! त्यानं मान खाली घातली आणि गेला. त्यानंतर नंबर बदलला, पत्ता नाही.

मेली एक शब्द बोलले असते तर माझं काय जात होतं?

१६ फेब्रुवारी

मथुरामावशी आली होती. बाबा आत गेल्यावर हळूच म्हणाली, "मांडवीला भांड्यांच्या दुकानात समर दिसला गं. केस पिकलेत त्याचे." हाक का नाही मारलीस म्हणून मी तिच्यावर उगाच ओरडले. म्हणजे तो बडोद्यातच आहे! दुपारभर मांडवीत हिंडले. भांड्यांची दुकानं काय थोडी आहेत तिथे!

२० फेब्रुवारी

फजिती. केयूरभाईंनी कौतुकानं डांगच्या एका शिक्षकांना केंद्र दाखवायला आणलं. ते म्हणाले, आमच्याकडे अशी भाषाच नाही. "बेन, आ शुं छे?" सगळे माझ्याकडे बघताहेत. मी सगळं सांगून टाकलं — गच्ची, टाकी, समर, जिना — आणि ढसाढसा रडले. चाळीस उलटलेली बाई! लाज वाटली नंतर.

केयूरभाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मग म्हणाले, "काढवुं तो पडशे. सोमवारे काढीशुं." म्हणजे रविवारपर्यंत राहू दिलंय. देव त्यांचं भलं करो.

२२ फेब्रुवारी

मांडवीकडे पाइपलाइनचं काम. कालपासून पाणी बंद, पेपरात आलंच होतं. तरी अख्खं गाव फोन करतंय. मला जेवायला फुरसत नाही.

नऊवर कुणी नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज माझी सुट्टी होती. तरी गेले. बाबांनी विचारलं, "रविवारचं काय काम?" मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी पाचला कामावरून उठायचं होतं. पावणेपाचला नऊचा दिवा लागला.

"ओरुम!"

लहान मुलीचा आवाज. सहा-सात वर्षांची असेल. ठासून, पाढा म्हणावा तशी. माझा हुंदका फुटला. ती पुन्हा म्हणाली, "ओरुम!" मग फोन बाजूला धरून ओरडली —

"पप्पा, आत्या रडतेय!"