तपासणाऱ्याची सही

९ जानेवारी

चोर! दुसरा शब्दच नाही.

छापायला जाणारा अहवाल आज ऑफिसात टेबलावर पडलेला दिसला. सीमेवरच्या बाजाराचा — माझा! मुखपृष्ठावर एकच नाव, संचालकांचं. तीन वर्षं त्या फाटकाशी उन्हात कोण उभं होतं? दोन्ही देशांच्या नाक्यांवरच्या वह्या कुणी उतरवून घेतल्या? एकशे चाळीस बायकांशी कोण बोललं — कोण काय विकते, घरात आता तिचं ऐकतात का, मुलगी शाळेत जाते का? मी. आणि मी सापडले कुठे? आभाराच्या पानावर, ड्रायव्हर आणि फोटोग्राफर यांच्या मधे.

विचारायला गेले. "अहो, संस्थेचं काम आहे. आपण काय नावासाठी काम करतो?"

ज्याचं नाव छापलंय तो हे म्हणतो!

१० जानेवारी

नणंदेला सांगितलं. ती नर्स. टाके घातले, पट्टी बांधली, पुढचा पेशंट — असा तिचा स्वभाव. "वहिनी, जाऊन सरळ भांडा, नाहीतर सोडून द्या. हे नुसतं दात-ओठ खात बसणं कशाला?"

सोडणार नाही. भांडणारही नाही.

१७ जानेवारी

सापडलं! तक्ता क्रमांक सहा.

साहेबांनी माझ्या तळटिपा उडवल्यात. "वाचक अडखळतो" म्हणे. पण या तक्त्याची टीप काही शोभेची नव्हती. पलीकडच्या देशाचं सरकारी वर्ष आपल्यानंतर तीन महिन्यांनी संपतं. मी वह्या उतरवल्या तेव्हा त्यांचं वर्ष चालूच होतं, म्हणून त्यांचा शेवटचा आकडा नऊच महिन्यांचा. आणि उरलेले तीन महिने म्हणजे त्यांचा हंगाम. निम्मा माल तेव्हाच येतो. टीप काढली की वाटतं, पलीकडून येणारा माल एका वर्षात निम्म्यावर आला. खरं तर वाढलाय!

आणि या गृहस्थांनी त्यावर निष्कर्षही ठोकून दिलाय, ठळक अक्षरांत — 'हा बाजार आपोआप मरत चालला आहे.'

हसू आवरेना. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

२१ जानेवारी

संस्थेचा नियम आहे. प्रत्येक तक्त्याखाली 'तपासले' अशी सही लागते, आणि ती लेखकाची चालत नाही. तक्ता सहा तपासायला माझ्याकडे आला! माझं नाव लेखकांत असतं तर मला त्याला हात लावता आला नसता.

सही केली. चांगली सुवाच्य.

२ फेब्रुवारी

अहवाल मांडायची परिषद बारा तारखेला. शेजारच्या चारही देशांतून अभ्यासक येणार. पलीकडचे म्हातारे प्राध्यापक येणार — आकड्यातली चूक त्यांना लांबून वास येऊन कळते, आणि भरल्या सभेत भल्याभल्यांची सालटी काढतात. मी पहिल्या रांगेत बसणार. ठेवणीतले कपडे काढून ठेवलेत.

बटणवालीचा फोन आला. पलीकडून दर आठवड्याला बटणं, चेन, लेस घेऊन फाटकातून येते ती. त्या बाजारावर दोन मुली शिकवल्या तिने.

"ताई, आमचं पुस्तक झालं का?"

"होतंय."

"आमच्याबद्दल चांगलं लिहिलंय ना?"

"खरं लिहिलंय," म्हटलं. लिहिलं होतंच मी खरं.

१२ फेब्रुवारी

प्राध्यापक आलेच नाहीत! आमच्याच सरकारने व्हिसा दिला नाही. परिषद शेजाऱ्यांवर, आणि शेजारी घरी!

बाकीच्यांनी माना डोलावल्या. साहेबांना टाळ्या. व्यापार खात्याचे अधिकारी तक्ता सहाचा मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेले. प्रश्नोत्तरांत माइक फिरत फिरत माझ्या हातात आला होता. मी तो शेजारच्याला दिला.

१३ फेब्रुवारी

नणंद म्हणाली, "आणि त्या अधिकाऱ्याने खरं मानलं तर?"

"असले फोटो कोण बघतं?" म्हटलं.

१ मार्च

बघितला.

सोमवारपासून फाटक बंद. मरत चाललेल्या बाजारासाठी एवढा बंदोबस्त ठेवणं योग्य नाही, असं पत्रक निघालंय. आधार — आमचा अहवाल. तेही ऐन हंगामाच्या तोंडावर!

बटणवाली फोनवर रडत नव्हती, भराभरा बोलत होती. "ताई, घरभर माल भरून ठेवलाय. झोपायला जागा नाही. तुमच्या साहेबांना सांगा ना. तुम्ही तर सगळं डोळ्यांनी बघितलंय."

"बघते," म्हटलं.

खात्याला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या. पण आत्ता मी बोलले तर तो 'छपाईची चूक' म्हणून सहज निसटेल. नाही. आधी तो तोंडघशी पडू दे. चार दिवसांनी काय बिघडतंय?

१९ मार्च

पडला! पडला!

प्राध्यापकांचा लेख आलाय, तिकडच्या मोठ्या वर्तमानपत्रात. नऊ महिने, तीन महिने, हंगाम — सगळं उघडं केलंय. शेवटी विचारलंय, हे अज्ञान की आळस? जिन्यात उभ्याने तीनदा वाचला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. कपाळावर घाम. "बाई, तक्त्याखाली तुमची सही आहे."

"मी फक्त तपासलं, सर. लेखक आपण."

दोन महिने हे वाक्य जपून ठेवलं होतं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. फार!

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "खरंच, तुमच्यावर अन्याय झाला. सगळं काम तुमचंच. ते दुरुस्त करतो मी." शेपूट घातलं शेवटी! संध्याकाळी घरी मिठाई नेली. नणंदेने खाल्ली नाही.

२० मार्च

खात्याचं पत्र राहिलंच. उद्या नक्की.

२६ मार्च

संस्थेचा खुलासा दोन्ही देशांच्या सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलाय, अहवालाच्या नव्या मुखपृष्ठासकट. त्यावर एकच नाव. माझं.

सकाळी बटणवालीचा मेसेज आला. 'ताई, मुलगी पेपर वाचून म्हणते, हे नाव तुमचं आहे. मी तिला रागावले. म्हटलं, त्या नावाची दुसरी कुणी असेल.'