"या वयात?"

सौ. वन्सं यांना वहिनीचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत, यजमानांचा खोकला कसा आहे, गच्चीतली झाडं कशी आहेत, हे सगळं मी विचारलं असं समजा. आज मी रागात आहे आणि रागात माझ्याच्याने झाडांची चौकशी होत नाही. हे पत्र मात्र स्वयंपाकघराची कडी लावून एकट्याने वाचा. घरात आलेलं पत्र मोठ्याने वाचायची यजमानांना हौस आहे, आणि हे त्यांनी मोठ्याने वाचलं तर त्यांचा खोकला कायमचा थांबेल.

तुमच्या भावाला जाऊन सात वर्षं झाली. सात वर्षं मी चष्म्याचं दुकान उघडलं, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, सैल दांड्यांचे स्क्रू पिळले आणि शटर ओढून घरी आले. यंदा एक गृहस्थ आले, लिफ्टची दुरुस्ती करणारे. जवळचं आणि लांबचं दिसायला एकच चष्मा हवा होता. 'नाकावर टोचतो' म्हणून तो चष्मा ते सहा वेळा परत घेऊन आले (टोचत बिचत काही नव्हता, मी स्वतः बसवला होता). पुढचं समजून घ्या. मी छप्पन्न वर्षांची आहे, परवानगी कुणाची मागायची नव्हती. आता मूल राहण्याची भीती नाही, म्हणून आम्ही दोघांनी कसलीही काळजी घेतली नाही. औषधाच्या दुकानात ते पाकीट अगदी समोर, खोकल्याच्या गोळ्यांना लागून ठेवलेलं असतं. दोन शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकालाही ते सुचू नये!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता हे गृहस्थ सहज सांगतात, की बायको सोडून गेल्यावर काही वर्षं ते कामासाठी गावोगाव हिंडत होते आणि तेव्हा 'थोडं इकडेतिकडे झालं'. मी विचारलं, नंतर रक्त तपासलंत का? तर म्हणे, "मला कधी साधं पडसं होत नाही." वन्सं, हा माणूस लिफ्टची तार दर महिन्याला बोटाने चाचपून बघतो, वरून धडधाकट दिसणाऱ्या तारेवर विश्वास ठेवत नाही, आणि स्वतःच्या रक्ताबद्दल हे बोलतो! मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

लाज गुंडाळून ठेवली आणि त्याच दिवशी अकरा वाजता आपल्या घरच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. असं असं झालंय, एचआयव्हीची भीती वाटते, आता काय करायचं, असं सरळ विचारलं. ते माझ्याकडे बघून हसले. "या वयात?" म्हणाले. मग पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि रात्रीच्या मालिका कमी बघा म्हणून सांगितलं. (मी मालिका बघत नाही.) आणि मी काय केलं? आभार मानून घरी आले. त्या आभारांचा मला अजून संताप येतो.

अठराव्या दिवशी ताप भरला. घसा धरला, मानेला गाठी आल्या, छातीवर लाल पुरळ उठलं. फोनवर शोधलं तर लक्षणांची यादी समोर आली, तिच्यात मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बसत होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की साध्या तापातही हेच सगळं होतं. म्हणजे यादीने मला आधी मारलं आणि मग म्हणाली, बघा बाई, कदाचित नसेलही. पुन्हा डॉक्टरांकडे गेले, तर म्हणाले, "हवा बदललीय."

चार आठवडे झाल्यावर मी एका खाजगी लॅबमध्ये गेले. काचेमागच्या मुलीने सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकू, एचआयव्ही कुणाची करायचीय? मुलाची?" बाकावरच्या सहा माना वर झाल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर हातातली लघवीची बाटलीच पाठीमागे लपवली, जणू मी तीच मागायला आले होते.

"माझी," मी म्हटलं.

"मिस्टरांची सही लागेल."

"मिस्टर वारले."

"मग तुम्हाला कशाला हवीय?"

अंगाचा तिळपापड झाला. माझ्या दुकानात रोज माणसं येतात. डोळे कशाने अधू झाले, कुणाबरोबर असताना झाले, या वयात तुम्हाला बघायचंय तरी काय, असं मी एकाला तरी विचारते का? समोर बसवते, भिंग लावते आणि काय दिसतंय ते विचारते. बस्स.

तशीच उठून सरकारी दवाखान्यात गेले. मागच्या बोळात, क्ष-किरणांच्या खोलीपलीकडे एक छोटी खोली आहे. तिथे एक तरुण समुपदेशक बाई होती, सर्दीने नाक लाल झालेली. तिने दार लावलं आणि केव्हा, कसा संबंध आला, कंडोम होता का, एवढंच विचारलं. नवऱ्याचं नाव नाही, वय ऐकून भुवई वर नाही. म्हणाली, "ताप, पुरळ यावरून काहीच कळत नाही. रक्तावरूनच कळतं, आणि सही तुमची स्वतःची पुरते." मग नाक पुसून म्हणाली, "बहात्तर तासांच्या आत आला असतात तर संसर्ग टाळायची औषधं सुरू करता आली असती. महिनाभर घ्यावी लागतात. जितक्या लवकर, तितकं चांगलं."

मी बोटांवर मोजलं. डॉक्टरांसमोर बसले होते तेव्हा पंधरा तास झाले होते. पंधरा! सत्तावन्न तास माझ्या हातात होते आणि त्या माणसाने ते हसण्यावारी नेले.

रक्त देऊन मी तडक डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. आत पेशंट होता, बाहेर चार बसलेले. दार उघडं ठेवून सगळं सांगितलं, तासांच्या हिशेबासकट. डॉक्टर म्हणाले, "हळू बोला, लोक ऐकतायत." म्हटलं, "ऐकू देत. तुम्ही सांगत नाही, निदान मी तरी सांगते." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "चुकलं माझं." मला आणखी भांडायचं होतं हो! चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून राग तसाच घेऊन घरी आले आणि आता तुमच्यावर काढतेय.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो ताप साधाच होता. बाई म्हणाली, ही चांगली खूण आहे, पण शेवटचा शब्द नाही, तीन महिने पुरे झाले की पुन्हा या. ते येत्या मंगळवारी पुरे होतात.

आपली,
वहिनी

ता. क. लिफ्टवाले मंगळवारी माझ्याबरोबर स्वतःची तपासणी करायला येणार आहेत. सुईला घाबरतात. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण ते मला आवडतात, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आणखी एक ता. क. तुमच्या मागच्या पत्रात अगदी शेवटी, कोपऱ्यात, तुम्ही विचारलं होतंत, की एका शेजारणीला नवऱ्याचं बाहेरचं काहीबाही कळलंय, तिला झोप लागत नाही, तर तिने कुठे जावं. हे सगळं पत्र म्हणजे त्या दोन ओळींचं उत्तर आहे. वन्सं, तुमच्या घराच्या एका अंगाला गोदाम आहे आणि दुसऱ्या अंगाला रिकामी जागा. मी काही विचारणार नाही. तुम्ही सोमवारी निघा, यजमानांना सांगा वहिनीची तब्येत बरी नाही. मंगळवारी नऊला ती खोली उघडते. बाहेर लांब बाक आहे. मी तुमच्या शेजारी बसेन.