काचेच्या पाटीला दिलेला नकार

नागपूर, गुरुवार, १४ ऑगस्ट १९८६

आज संशोधन अनुदानाच्या बैठकीत मी चुकलो. सरळ लिहून टाकतो, म्हणजे उद्या सबबी सुचणार नाहीत.

सुशीला मेश्राम, माझी जुनी विद्यार्थिनी, आता फिजिक्स शिकवते. तिने स्वतः बनवलेली काचेची पाटी आणली होती. तार जोडलेल्या पेनने पाटीवर लिहिलं की अक्षर शेजारच्या टीव्हीवर उमटतं, शिक्षकाला वर्गाकडे पाठ करावी लागत नाही. तिने 'क' काढला. वाकडा, थरथरता, पण उमटला.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही गणितवाले. तुम्ही वापराल हे?"

मी म्हटलं, "एवढा खटाटोप काहून? खडू महागला का?"

सगळे हसले. अर्ज नामंजूर झाला. त्या हशाने मला क्षणभर बरंही वाटलं. का वाटलं? तीस वर्षं मी खडू घासला आणि कालची पोर मला शिकवणं दाखवते, म्हणून? तो वाकडा 'क' डोळ्यांपुढून हलत नाही.

नंतर तिला जिन्यात गाठलं. पाटी चादरीत गुंडाळत होती.

"सर, तुमच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसत होती. मले फळा दिसेच नाही. तवाच हे डोक्यात आलं."

तेव्हा बोलली का नाहीस, असं विचारणार होतो. पण मी तरी मागे वळून पाहिलं होतं कुठे?

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी बोलेन बैठकीत."

"सर, तुम्ही तर मार्चमध्ये रिटायर होऊन राहिले ना."

हे ती रागाने म्हणाली नाही. पाटी छातीशी धरून भिंतीकडे सरकली आणि मला आधी उतरू दिलं.